नदीच्या वळणावरचं गोधड्यांचं गाव

अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं आभाळाला टेकलेल्या इमारती, रुंद रस्ते आणि यंत्रावर चालणारी हजार हजार एकरांची शेती उभी राहते. पण त्याच अमेरिकेत असं एक खेडं आहे, जिथल्या बायकांनी जुन्या विजारी, फाटके सदरे आणि रिकामी पोती जोडून घरच्यांची थंडी काढली. पुढं त्याच चिंध्यांच्या गोधड्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. त्या खेड्याचं नाव गीज बेंड. आज आपण त्या गावाची वाट धरू या. गाव परमुलखातलं असलं, तरी तिथला सुईदोरा आपल्या ओळखीचा आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचं राज्य आहे आणि त्याच नावाची नदी आहे. विलकॉक्स जिल्ह्यात या नदीनं घोड्याच्या नालेसारखं मोठं वळण घेतलं आहे. तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूनं जमिनीची वाट, अशा त्या वळणाच्या पोटात हे गाव वसलं आहे. जिल्ह्याची कचेरी कॅमडेन या गावी, नदीच्या पलीकडच्या तीरावर. नावेनं गेलं तर पाव तासाचं काम. रस्त्यानं जायचं तर साठ-पासष्ट किलोमीटरचा वळसा. ही नाव ध्यानात ठेवा. गावाच्या नशिबात तिचा मोठा वाटा आहे.

1816 साली जोसेफ गी नावाचा जमीनदार इथं आला आणि गुलामांच्या राबणुकीवर त्यानं कापूस पिकवायला सुरुवात केली. गीज बेंड म्हणजे गीचं वळण. 1845 मध्ये ही जमीन मार्क पेटवे नावाच्या मालकाकडं गेली. त्यानं उत्तर कॅरोलिना राज्यातून शंभरेक गुलाम इथवर पायी चालवत आणले. 1865 मध्ये कायद्यानं गुलामगिरी संपली. पण माणूस मोकळा झाला तरी जमीन मालकाचीच राहिली. कालचे गुलाम आज वाटेकरी झाले, एवढाच फरक. मालकाचं पेटवे हे आडनावही त्यांच्याकडंच राहिलं. आजही गावात कुठल्याही घराचं दार वाजवा, आडनाव पेटवे निघण्याचाच संभव जास्त.

वाटेकऱ्याचं जिणं कसं असतं, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. बी-बियाणं उधार, धान्य उधार, आणि सुगीला हिशेब केला की बाकी पुन्हा आपल्याच नावावर. 1930 च्या सुमारास कापसाचे भाव कोसळले. गावाला उधार देणारा व्यापारी वारला आणि 1932 मध्ये त्याच्या वारसांनी वसुली काढली. साठेक कुटुंबांच्या घरातून खेचरं, गाई, कोंबड्या, नांगर, गाडे, मका, रताळी, जे हाताला लागलं ते नेलं. त्या हिवाळ्यात गाव जगलं ते रेडक्रॉसच्या शिध्यावर.

पुढं रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना सरकारनं इथली सुमारे दहा हजार एकर जमीन विकत घेतली. नवी घरं बांधली, शाळा काढली, सहकारी दुकान आणि सरकी काढण्याचा कारखाना उभा केला. 1940 नंतरच्या वर्षांत हीच जमीन आणि घरं हप्त्यानं गावकऱ्यांच्या नावावर झाली. त्या मुलखात कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या नावावर सातबारा लागावा, तशी ही गोष्ट होती. ही जमीन होती म्हणूनच पुढच्या लढ्यात या माणसांना पाय रोवून उभं राहता आलं.

1937 साली आर्थर रॉथस्टाइन या सरकारी छायाचित्रकारानं गावाची छायाचित्रं काढली. त्यांत लाकडाच्या ओंडक्यांची आणि मातीची घरं दिसतात. फटीतून वारा येऊ नये म्हणून भिंतींना आतून वर्तमानपत्रांचे कागद चिकटवलेले. अशा घरात थंडी काढायची तर गोधडी हवीच, आणि एक-दोन नव्हे, ढिगानं हवी.

ही गोधडी तीन थरांची. वरच्या थराला तुकडे जोडायचे, मध्ये कापूस पसरायचा आणि खाली अस्तर लावायचं. कापूस म्हणजे कारखान्यात जमिनीवर सांडलेला, झाडून आणलेला. तो काठीनं झोडपून मोकळा करायचा. अस्तराला पिठाची, साखरेची, खताची पोती उसवून, धुऊन वापरायची. वरच्या थराला शेतात घालून विरलेले कपडे. विजारीच्या गुडघ्यांचा रंग उडालेला, खिसा उसवला की त्याच्या जागी गडद निळा चौकोन उमटलेला. हे फिके-गडद तुकडेच नक्षी होऊन बसायचे. नक्षींना नावंही घरगुती. मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या वाढवत नेल्या की ते ‘घराचं छप्पर’, विटांच्या थरासारखे पायरीपायरीनं तुकडे लावले की ‘गवंडी’, आणि नुसत्या लांब पट्ट्या जोडून काम उरकलं तर ‘आळशी पोरगी’!

वरचा थर जिचा तिनं एकटीनं जुळवायचा. कुठला तुकडा कुठं, हे तिचं तिनं ठरवायचं. त्यात दुसरीनं बोलायचं नाही. पण तिन्ही थर एकत्र टाचायची वेळ आली की शेजारणी यायच्या. लाकडी चौकटीवर गोधडी ताणायची आणि चारी बाजूंनी बसून टाके घालायचे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. आपल्याकडं खुरपणीला सावड असते ना, तशीच ही टाक्यांची सावड. मुली चौकटीखाली बसून सुया ओवून द्यायच्या आणि ओवता ओवता शिकायच्या. बायका भजनं गायच्या, सुखदुःखाचं बोलायच्या. शेतीची कामं आटोपली, की हिवाळाभर हे चालायचं.

या गोधड्यांत नुसती ऊबच होती असं नाही. 1942 च्या सुमारास मिझुरी पेटवे या बाईचा नवरा वारला. तिनं त्याचे कामाचे जुने कपडे काढले आणि मुलीला, अर्लोन्झियाला, बरोबर घेऊन त्यांची गोधडी शिवली. नवऱ्याची आठवण अंगावर पांघरावी, हा तिचा हेतू होता. आपल्याकडंही आईच्या लुगड्याची वाकळ लेक जपून ठेवते. तिचा वास धुऊन जाऊ नये म्हणून ती धुवायलासुद्धा मन घेत नाही. माणूस कुठलाही असो, मायेची रीत एकच.

आता नावेची गोष्ट. विलकॉक्स जिल्ह्यात कृष्णवर्णीयांची वस्ती जास्त. पण 1965 साल उजाडलं तेव्हा मतदार यादीत त्यांच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. नाव नोंदवायचं तर कॅमडेनला जायला हवं. गावकरी जाऊ लागले, तेव्हा 1962 मध्ये नाव बंद झाली. पाव तासाची वाट साठ-पासष्ट किलोमीटरची झाली आणि गाड्या तर फार थोड्यांकडं होत्या. फेब्रुवारी 1965 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गावात आले, सभा झाली, आणि माणसं आणखी निर्धारानं नोंदणीला निघाली. ज्यांची स्वतःची जमीन नव्हती, त्यांना आसपासच्या मालकांनी घराबाहेर काढलं. कुणाचं काम गेलं, कुणाची उधारी बंद झाली. त्यातच 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस नदीवर खालच्या अंगाला धरण झालं आणि गावाची चांगली सखल जमीन पाण्याखाली गेली. धरणात जमीन गेलेल्या घरांना हे दुःख समजावून सांगावं लागणार नाही.

अशा दिवसांत गोधडी कामाला आली. डिसेंबर 1965 मध्ये फ्रान्सिस वॉल्टर नावाचे पाद्री या भागातून जात होते. एका घरापुढं दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या त्यांच्या नजरेस पडल्या. या शहरात विकता येतील, असं त्यांच्या मनात आलं. दहा-दहा डॉलरला एक या हिशेबानं त्यांनी बायकांकडून गोधड्या घेतल्या आणि न्यूयॉर्कमध्ये लिलाव मांडला. मार्च 1966 मध्ये बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. नाव ठेवलं ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’, म्हणजे स्वातंत्र्याची गोधडी-सावड. एस्टेल विदरस्पून, मिंडर कोलमन अशा शेतकरी बायका तिच्या कारभारणी झाल्या. गीज बेंड आणि शेजारच्या अल्बर्टा गावच्या बायका तिच्यात होत्या. जन्मभर कापूस वेचलेल्या बायका आता मागणी नोंदवू लागल्या, माल पारखू लागल्या, मजुरी वाटू लागल्या.

संस्थेनं तेवीस एकर जमीन घेतली आणि 1969 मध्ये शिवणकामाची स्वतःची इमारत बांधली. त्या जमिनीतले काही तुकडे, मतदानासाठी नाव नोंदवलं म्हणून घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना दिले. बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवलं. टाक्या-टाक्यानं मिळवलेल्या पैशातून उघड्यावर पडलेल्या शेजाऱ्यांना हक्काची जागा मिळाली, हे या गावाच्या गोष्टीतलं सगळ्यांत मोलाचं काम, असं मला वाटतं.

पण बाजाराची म्हणून एक रीत असते. ब्लूमिंगडेल्ससारख्या मोठ्या दुकानांना एकसारखा माल हवा होता. तीच नक्षी, तेच माप, तेच रंग. 1972 मध्ये सिअर्स कंपनीनं कॉर्डरॉय कापडाचे उशांचे अभ्रे शिवायचं काम दिलं. त्यात मनाचं काही नव्हतं. मापानं कापायचं आणि शिवायचं. पण त्या कामानं नियमित मजुरी आली, चूल पेटती राहिली. उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायका घरी नेत आणि रात्री त्यांतून आपल्या मनाची गोधडी जुळवत. दिवसा दुकानाचं काम, रात्री आपलं. गंमत अशी, की ज्यांना त्या वेळी बाजारात भाव नव्हता, त्या रात्रीच्या गोधड्यांनीच पुढं गावाचं नाव झालं.

2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात गीज बेंडच्या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं आणि नंतर ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेलं. चित्रकलेचे जाणकार थक्क झाले. प्रत्येक गोधडीशेजारी ती शिवणाऱ्या बाईचं नाव लिहिलेलं होतं. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं या गोधड्यांची दहा तिकिटं काढली. 2015 मध्ये मेरी ली बेंडॉल्फ, लूसी मिंगो आणि लॉरेटा पेटवे या तिघींना लोककलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. आणि 2006 मध्येच ती बंद पडलेली नाव, चव्वेचाळीस वर्षांनी, पुन्हा सुरू झाली. 2019 पासून ती विजेवर चालते.

नाव झालं म्हणून दारिद्र्य गेलं असं मात्र नाही. विलकॉक्स जिल्हा आजही गरिबांतच मोडतो. मूळची सहकारी संस्था, जुन्या कारभारणी एकेक करून गेल्यावर, 2012 च्या सुमारास मिटली. पण 2003 मध्ये गावच्या बायकांनी आपलं नवं मंडळ काढलं होतं. 2021 पासून काही जणी इंटरनेटवरून स्वतःच्या नावानं, स्वतः ठरवलेल्या भावानं गोधड्या विकू लागल्या. 2022 पासून गावात गोधड्यांना ऊन दाखवण्याचा उत्सव सुरू झाला आहे. घरोघरी दोऱ्यांवर जुन्या-नव्या गोधड्या टांगतात आणि लांबलांबचे लोक पाहायला येतात.

इकडं अमेरिकेच्या शहरांतही नव्या धाटणीच्या गोधड्या शिवणाऱ्यांची मंडळं निघाली आहेत. 2009 मध्ये लॉस एंजेलिस शहरात असं पहिलं मंडळ निघालं आणि त्याच्या शाखा गावोगाव पसरल्या. महिन्याला बैठक भरते, जी ती आपलं काम उलगडून दाखवते, तुकड्यांची देवघेव होते, गरजूंसाठी मिळून गोधड्या शिवतात. ठरीव नक्षी सोडून मनानं तुकडे जोडायचं धाडस त्यांतल्या अनेकांना गीज बेंडच्या गोधड्या पाहून आलं. ज्यांना कापड विकत घेणं परवडतं, त्यांनी चिंध्यांतून संसार करणाऱ्या बायकांना गुरू मानावं, यातच सगळं आलं.

भगिनींनो, आपल्याकडं गोधडी शिवणारीला काय मिळतं? जेवण, चहा, थोडीफार मजुरी, आणि ‘हात चांगला आहे हो’ एवढे चार शब्द. घरच्या बाईला तर तेही नाही. दुपारची विश्रांती मोडून तिनं दोन-दोन महिने टाके घातले, तरी ते काम कुणी मोजत नाही. गीज बेंडच्या बायकांची कला आधीपासून होतीच. त्यांनी नवं केलं ते इतकंच, की एकत्र बसून आपल्या कामाचा हिशेब मांडला. एकेकटीला दहा डॉलरच पुष्कळ वाटले असते. सगळ्या मिळून बसल्या तेव्हा जमीन घेता आली.

आपल्या गावात बचत गट आहेत, बसायला देवळाचा ओटा आहे, हात तर आहेतच. या हिवाळ्यात गोधडी घालायला घ्याल, तेव्हा किती दिवस लागले, दोरा किती लागला, कितीजणींचे हात लागले, हे वहीत लिहून ठेवा. विकायची असेल तर तो हिशेब बघून भाव सांगा. घरात ठेवायची असेल, तर कोपऱ्यात शिवणारीचं नाव आणि साल दोऱ्यानं टाचून ठेवा. नातवंडं पांघरतील तेव्हा ऊब कुणी दिली, हे त्यांना वाचता तरी येईल.