बुरशी भिंतीची, बदनामी भाडेकरूची

बेसाच्या कुठल्याही लेआउटमध्ये भाड्याच्या घराला पावसाळ्यात बुरशी आली की मालकाचं उत्तर ठरलेलं असतं: "तुम्ही लोक घर नीट ठेवत नाही." यातले 'तुम्ही लोक' कोण, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. खोली देतानाच आडनाव विचारून झालेलं असतं. मग भिंतीवरचा काळा डाग भिंतीचा राहतच नाही, तो आपल्या संस्काराचा होतो. विटाळाची जुनी भाषा, फक्त डिस्टेंपरच्या भिंतीवर.

दोन पावसाळ्यांपूर्वी हे आम्हालाही ऐकवलं गेलं. पश्चिमेच्या भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट होतं. बाबासाहेबांच्या 'लेखन आणि भाषणे'च्या खंडांवर हिरवट भुरी चढली, आईचा रात्रीचा खोकला थांबेना. मालक म्हणाले, "कपडे घरात वाळवता ना, म्हणून. रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापीन." ऑगस्टच्या झडीत कपडे वाळवायचे कुठे, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

भांडण्याऐवजी पुरावा शोधायचं ठरवलं. प्लास्टिकचा एक तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवला. ओल खोलीतल्या वाफेची असेल तर थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला जमतात, भिंतीतून येत असेल तर मागच्या बाजूला. दोन दिवसांनी मागची बाजू चिंब होती. गच्चीवर जाऊन पाहिलं, तर पावसाच्या पाण्याचा पाइप कोपऱ्यात फुटलेला आणि सगळं पाणी आमच्याच भिंतीवर. फोटो काढले, तारखेसह पाठवले. पाइप बदलला, डिपॉझिटही वाचलं. 'तुम्ही लोक' हे शब्द मात्र कुणी परत घेतले नाहीत.

ही गोष्ट फक्त बेसाची नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. आईवडील सुदानहून आलेले. बापाने २०१७ पासून बुरशीची तक्रार केली होती, त्याला सांगण्यात आलं की वरून रंग मारा. घर देणाऱ्या संस्थेने तर कुटुंबाच्या आंघोळीच्या पद्धतीवर संशय घेतला होता! मृत्यू बुरशीमुळेच झाला, असा निर्णय चौकशीत २०२२ मध्ये आला. तेव्हा कुठे संस्थेने आपले ग्रह चुकीचे होते हे मान्य केलं. पुढे त्या मुलाच्या नावाने कायदा झाला.

आता आपल्या बाजूचंही बोलू. पाऊस लागल्यावरही खिडक्या बंद करून कूलर चालवणं म्हणजे घरातल्या हवेत पाणी ओतणं. हे नागपुरात सगळेच करतात, मालकसुद्धा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. बुरशी कोरड्या ब्रशने खरडू नका, तिचे बीजाणू घरभर उडतात. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. पण पाणी कुठून येतं ते सापडल्याशिवाय पुट्टी मारू देऊ नका, पुढच्या वर्षी पोपडे निघतातच. बेसाची जमीन मुळात काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, जोतं हलतं, भिंतीला चिरा जातात. त्या चिरेला जात नसते.

नोंदणीकृत प्रकल्पात नवा फ्लॅट घेतला असेल तर रेरा कायद्याचं कलम १४(३) वाचा: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. आपल्यातल्या बहुतेक तरुणांच्या हातात मात्र ११ महिन्यांचा करार असतो. सही करण्याआधी त्यात एवढी ओळ लिहून घ्या: छत, भिंत आणि पाइपची गळती कळवल्यापासून १५ दिवसांत घरमालक स्वखर्चाने दुरुस्त करेल. आणि सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा.