पिल्लू जेवत नाही: नखरे की दुखणं?

तुमच्या घरी नुकतंच पिल्लू आलं असेल, तर ‘हे काही खातच नाही हो!’ हे वाक्य तुमच्या तोंडी आलंच असेल. बालरोगतज्ज्ञ म्हणून मी ते रोज ऐकते, फक्त तिथे मूल असतं. गेल्या वर्षी आमच्याकडे तीन महिन्यांची देशी चिंगी आली आणि तेच वाक्य घरीही ऐकू येऊ लागलं.

आधी पशुवैद्यांकडून तिला तपासून घेतलं. ती ठणठणीत होती. मग दवाखान्यात आयांना सांगते तेच घरी सांगितलं: दोन दिवस हिच्या पोटात जे जाईल ते सगळं लिहा. यादीत सासूबाईंची दूध-पोळी होती, मुलाची बिस्किटं होती, शेजारच्या काकूंचं चिकनही होतं. चिंगी उपाशी नव्हतीच. वाटी नाकारली की याहून चविष्ट काहीतरी मिळतं, हे तिला कळलं होतं.

तुम्हीही हे करून पाहा:

१. वेळा ठरवा. तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून ३ वेळा, त्याहून लहान असेल तर ४ वेळा खायला द्या.

२. वाटी १५-२० मिनिटं ठेवा, मग न रागावता उचला. मधे खाऊ नको. पाणी मात्र कायम हवं.

३. अन्न किंचित कोमट करा. कुत्रा आधी वासावर जेवतो.

४. खाणं बदलायचं असेल तर ७ ते १० दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत बदला.

५. साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडतात, हिरड्या दुखतात. तेव्हा कोरडं खाणं पाण्यात भिजवून द्या.

चव यावी म्हणून आपला रस्सा मात्र घालू नका. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही विषारी आहेत.

आता सर्वात महत्त्वाचं. नखरेल पिल्लू जेवत नाही, पण खेळतं. आजारी पिल्लू कोपऱ्यात पडून राहतं. खाणं बंद, उलट्या, रक्ताचे जुलाब, मलूलपणा असं दिसलं तर तो पार्व्हो असू शकतो. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाचा त्यात एक-दोन दिवसांतही जीव जातो. तेव्हा ‘उद्या बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. अगदी लहान किंवा छोट्या चणीच्या पिल्लाची साखर उपाशीपोटी पटकन उतरते, म्हणून त्याच्यावर वाटी उचलण्याचा प्रयोग नको. त्याने सलग दोन जेवणं सोडली, तरी डॉक्टरांना फोन करा.

दर आठवड्याला पिल्लाला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि त्यातून तुमचं वजन वजा करा. आकडा वाढतोय आणि पिल्लू तुमच्या चपला पळवतंय, तर वाटीत चार घास उरले म्हणून काळजी करू नका.