परतीची तार

डाव्या बाजूचा इंडिकेटर भरभर लुकलुकायला लागला की गाडीवाला दुकानाच्या पायरीवरूनच सांगतो, "दादा, फ्लॅशर गेलाय, नवा टाका." बहुतेक वेळा फ्लॅशर धड असतो. १० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून साधारण १.७ अँपिअर करंट घेतात. त्यातला एक विझला की करंट निम्म्यावर येतो, फ्लॅशरला ते कळतं आणि तो लय वाढवून चालवणाऱ्याला सावध करतो. जुने, उष्णतेवर चालणारे फ्लॅशर हेच मंदावून किंवा दिवा पेटता ठेवून सांगायचे. नवा फ्लॅशर बसवला तरी तोही तीच तक्रार करणार.

मुंबईच्या परळ-लालबाग पट्ट्यात दुचाकींच्या वायरिंगचं काम करताना मी पाना उचलण्याआधी गाडी नीट बघून घेतो. चावी फिरवायची, हॉर्न वाजवायचा, ब्रेक दाबायचा, मग दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावून पाहायचे. दोन्ही बाजू मेलेल्या असतील तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या अलीकडे असतो: फ्यूज, चावी, फ्लॅशर. एकच बाजू गेली असेल तर शोध स्विचपासून पुढे करायचा. हँडल सरळ असताना दिवा लागतो आणि वळवलं की जातो, तेव्हा हँडलच्या मानेपाशी वायर आतून तुटत आलेली असते. वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं.

रंगांवर विसंबताना गाडी कोणाची ते आधी बघावं लागतं. होंडाच्या पद्धतीत, म्हणून जुन्या हिरो होंडातही, हिरवी वायर अर्थची, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी, काळी चावीनंतरच्या करंटची, नारिंगी डावीची आणि आकाशी उजवीची. यामाहाच्या आरएक्स १०० मध्ये काळी अर्थची, गडद हिरवी उजवीची, चॉकलेटी डावीची. हिरो होंडाच्या स्प्लेंडरवर बसलेला हात त्याच सवयीने आरएक्सवर चालला, तर काळ्या वायरीला करंट मिळेल आणि फ्यूज उडेल.

पण या धंद्याने मला सर्वांत जास्त शिकवलं ते अर्थबद्दल. दिव्यापर्यंत वीज पोहोचते की नाही, हे सगळे तपासतात. ती बॅटरीकडे परत कशी जाते, हे फार कमी जण बघतात. कुठे त्यासाठी वेगळी वायर असते, तर कुठे इंडिकेटरची लोखंडी दांडी आणि चासी हाच परतीचा रस्ता असतो. हौसेने चासी रंगवून आणलेल्या जुन्या गाडीचे इंडिकेटर अचानक मंद होतात, कारण नटबोल्टाखाली रंगाचा थर बसलेला असतो. मागचा इंडिकेटर लावून ब्रेक दाबला आणि दोन्ही दिव्यांचा उजेड हलला, तर समजावं की विजेला स्वतःची वाट मिळत नाही आणि ती शेजारच्या बल्बमधून परतते आहे.

आपल्या भागाची हवा या जोडांना खाते. गिरगाव चौपाटीच्या आसपास उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या कपलरमध्ये खारी हवा शिरते, तांब्यावर हिरवा कळंक चढतो. पावसाळ्यात हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की सीटखालचे जोड भिजतात. बिघाड त्या दिवशी दिसत नाही, तो काही आठवड्यांनी उगवतो.

अशा जोडावर मल्टीमीटर लावला की तो खुशाल बीप देतो. वायरीतली एकच बारीक तार शिल्लक असली तरी बीप येते, कारण मीटर नावापुरताच करंट सोडतो. नळाला पाणी आलंय हे एका थेंबावरून कळतं, बादली भरेल का हे कळत नाही. म्हणून मी दिवा चालू ठेवून, भार असताना मोजतो. मीटरचं एक टोक होल्डरच्या पत्र्याला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. पेटत्या दिव्याला जवळपास शून्य दिसलं पाहिजे. एखाद-दोन व्होल्ट दिसले, तर तेवढा दाब परतीच्या वाटेतच सांडतो आहे. मग जोड उघडायचा, पॉलिश पेपरने घासायचा, गरज असेल तिथे डाग द्यायचा आणि वर स्लीव्ह चढवायची.

भाराची ही गोष्ट बॅटरीलाही लागू आहे. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या ताईंना मी आधी बॅटरी तपासून घ्यायला सांगतो. गाडी तासन्तास सावकाश चालते, चार्जिंग कमी पडतं आणि इंडिकेटरची लय मंदावते.

मिनिटाला किमान ६० आणि जास्तीत जास्त १२० वेळा लुकलुकणं, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी घालून दिलेलं आहे. या आकड्याला आपल्या रस्त्यांवर मोठा अर्थ आहे. जेजे उड्डाणपुलावर दुचाकींना बंदी आहे, म्हणून भायखळ्याहून सीएसएमटीकडे जाणारा दुचाकीस्वार पुलाखालच्या गर्दीतून जातो. हातगाडी, बस, टॅक्सी आणि मध्येच रस्ता ओलांडणारी माणसं. त्याला वळायचं आहे हे मागच्या बसचालकाला सांगायला त्या पिवळ्या दिव्याशिवाय दुसरं काही नाही. मंद किंवा अडखळता दिवा उन्हात दिसत नाही, आणि न दिसलेला इशारा न दिल्यासारखाच असतो.

म्हणून हाताखाली शिकणाऱ्या मुलांना मी एकच शिस्त लावतो. दिवा लागला म्हणजे काम झालं असं नाही. इंजिन सुरू, हेडलाइट पेटलेला, ब्रेक दाबलेला, आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहायचं. एवढ्या भाराखाली दोन्ही बाजू, पुढेमागे, एका लयीत आणि सारख्या उजेडाने चालल्या, तरच गाडी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची.