पहिली घडी

कागदाची होडी करता येत नाही असे मूल आपल्याकडे सापडणे कठीण. पहिल्या पावसाचे पाणी अंगणात साचले, की जुन्या वह्यांची पाने बाहेर निघतात आणि पाहता पाहता होड्यांचे एक आरमार पागोळ्यांखालून प्रवासाला लागते. आमच्या वसईत तर समुद्रावरच्या खऱ्या होड्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातल्या. त्यामुळे या खेळाला विशेषच रंग चढतो. होडी थोडी वाकडी झाली तरी ती तरंगते, अधिक वाकडी झाली तर बुडते; आणि दोन्ही वेळा मुले टाळ्याच पिटतात. होडीला सारे माफ असते.

कागदाचा प्राणी मात्र इतका उदार नसतो. त्याचा एक पाय आखूड झाला तर तो उभा राहत नाही, आणि एक पंख खाली आला तर तो उडणारा न दिसता जखमी दिसतो.

कात्री किंवा डिंक न लावता, केवळ घड्या घालून कागदाला आकार देण्याच्या कलेला जपानी भाषेत 'ओरिगामी' म्हणतात. 'ओरि' म्हणजे दुमडणे आणि 'कामी' म्हणजे कागद. मला या कलेचा छंद पुष्कळ वर्षांपासून आहे. सुटीच्या दिवशी शेजारची मुले माझ्या ओटीवर जमतात आणि रंगीत कागदांचा पसारा मांडून बसतात. त्यांच्या हातांकडे पाहताना एक गोष्ट माझ्या नेहमी ध्यानात येते. प्राणी बिघडला की मुले शेवटच्या घडीला दोष देतात. 'चोच नीट झाली नाही,' असे म्हणतात. परंतु चोच बिघडलेली असते ती पहिल्याच घडीत. ती दिसू लागते तेवढी शेवटी.

किंबहुना पुष्कळदा पहिल्या घडीच्याही आधी, म्हणजे कागद घेतानाच, ती बिघडलेली असते. बहुतेक प्राण्यांना चौरस कागद लागतो, आणि चौरस दिसणारा प्रत्येक कागद चौरस नसतो. सुतार फळी कापण्यापूर्वी तिला गुण्या लावून पाहतो; आपल्याला तर गुण्याचीही गरज नाही. कागद एकदा कर्णावर दुमडावा आणि एकदा समोरासमोरच्या कडा जुळवून दुमडावा. दोन्ही वेळा कोपऱ्यावर कोपरा व कडेवर कड तंतोतंत आली, तर तो कागद खरा चौरस समजावा. या परीक्षेला अर्धे मिनिटही लागत नाही. पण ती न दिल्यामुळे पुढची अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते.

चूक कशी वाढत जाते हे एका उदाहरणावरून कळेल. समजा, एका कागदाचे सोळा सारखे भाग करावयाचे आहेत. एका कडेपासून आरंभ करून आपण एकापुढे एक भाग दुमडीत गेलो, आणि प्रत्येक भाग केवळ एक मिलिमीटर मोठा झाला, तर शेवटी ती चूक सोळा मिलिमीटर, म्हणजे दीड सेंटिमीटरहून अधिक होते. जाणता माणूस असे करीत नाही. तो कागदाचे आधी दोन भाग करतो, मग चार, मग आठ आणि मग सोळा. निम्म्याचे निम्मे करीत गेल्याने प्रत्येक घडीला दोन कडांचा आधार मिळतो आणि चुकीला साठायला जागा उरत नाही.

घडी घालण्याचीही एक रीत आहे. कागद मांडीवर न धरता पाटासारख्या टणक व सपाट जागेवर ठेवावा. प्रथम कोपरे जुळवावेत, ते एका हाताने स्थिर धरावेत, आणि मग दुसऱ्या हाताचे बोट घडीच्या मध्यापासून दोन्ही टोकांकडे हळू फिरवावे. सारे जुळले अशी खात्री पटल्यावरच नखाने घडी पक्की करावी. आधी नख आणि मग नजर, असा क्रम झाला तर कागदावर नको तेथे रेघ उमटते; आणि एकदा उमटलेली रेघ कागद विसरत नाही. चोच किंवा शेपूट यांसारखा निमुळता भाग करताना दोन कडा मधल्या रेषेला अगदी भिडवू नयेत. केसभर अंतर सोडावे. कागदालाही जाडी असते, आणि अनेक पदर एकत्र आले म्हणजे तिला जागा द्यावी लागते.

घड्यांचे हे गणित आपल्या देशातील एका गृहस्थाने फार पूर्वी ओळखले होते. टी. सुंदरराव यांनी केवळ कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे एक इंग्रजी पुस्तक १८९३ साली मद्रास येथे प्रसिद्ध केले. बालवाडीतील कागदकामावरून त्यांना त्याची कल्पना सुचली होती. मुलांचा खेळ म्हणून ज्याकडे पाहावे, त्यातच केवढे शास्त्र दडलेले होते!

नवा प्राणी स्वतः योजावयाचा असेल, तर हे शास्त्र अधिकच उपयोगी पडते. चौरसाला कोपरे चार. हरणाला मात्र चार पाय, डोके, शेपूट आणि वर शिंगे! मग कागद पुरवायचा कसा? रॉबर्ट लँग या अमेरिकन शास्त्रज्ञाने याचा चांगला विचार केला आहे. प्रत्येक अवयवासाठी कागदाचा काही भाग राखून ठेवावा लागतो. अवयव कोपऱ्यातून काढला तर पाव वर्तुळाएवढा कागद पुरतो. कडेतून काढला तर अर्धे वर्तुळ लागते. आणि मधून काढला तर पुरे वर्तुळ खर्ची पडते. म्हणून शहाणा योजक लांब अवयव शक्यतो कोपऱ्यांना देतो. काटकसरीने संसार करणाऱ्या गृहिणीसारखाच हा हिशेब आहे.

तथापि, मोजमाप बिनचूक झाले म्हणजे प्राणी सजीव दिसेलच असे नाही. जपानचे थोर कलावंत अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी तरुणपणी कारखान्यात काम करताना नव्या कामगारांना घड्यांच्या साहाय्याने भूमिती शिकविली होती. पुढे त्यांनी कागद किंचित ओला करून दुमडण्याची पद्धत काढली, आणि कागदी प्राण्यांच्या अंगाला गोलाई आली. घडी कशी घालावी हे तुटक रेषा आणि बाण यांनी दाखविण्याची त्यांची रीत आज जगभर रूढ आहे. भूमिती त्यांना पुरती अवगत होती. पण त्यांची नजर खिळलेली असे ती प्राण्यावर.

या दोन्ही गोष्टी एकत्र कशा येतात हे मी माझ्या ओटीवरच पाहिले. आमच्या शेजारी सातवीत शिकणारा एक मुलगा राहतो. त्याच्या आजोबांचे आयुष्य मिठागरावर गेले. आता त्यांना दिसत नाही. मुलाने एकदा जपानी पद्धतीचा पक्षी केला आणि 'आजोबा, हा तुमच्या मिठागरावरचा बगळा,' असे म्हणून त्यांच्या हाती दिला. म्हाताऱ्याने त्यावरून सावकाश बोटे फिरविली.

"बाळा, पाखरू छान आहे," ते म्हणाले, "पण हा बगळा नव्हे. बगळा उडताना मान लांब धरीत नाही. आणि याचे पाय कुठे आहेत?"

त्यांचे म्हणणे खरे होते. जपानी कारागीर घडवितात तो क्रौंच. तो उडताना मान सरळ पुढे ताणतो. बगळा मात्र मान मागे आखडून घेतो.

मुलगा खट्टू झाला. दुसऱ्या रविवारी तो मला म्हणाला, "काका, मला एकदा बगळे पाहायचे आहेत." आम्ही भल्या पहाटे मिठागराच्या बांधावर जाऊन बसलो. उथळ पाण्यात लहान बगळे उभे होते. काळी चोच, काळे पाय आणि पायांची बोटे तेवढी पिवळी. एक उडाला. त्याची मान वळून खांद्यात शिरली, आणि दोन्ही पाय जुळून शेपटीच्या मागे लांब गेले. मुलगा किती तरी वेळ बोलला नाही.

घरी येऊन त्याने योजना बदलली. त्या पक्ष्याच्या घड्यांत चार लांब टोके मिळतात: दोन पंखांना, एक मानेला आणि एक शेपटीला. त्याने मानेच्या टोकाला मागे-पुढे दोन वळणे दिली आणि शेपटीचे टोक निमुळते करून त्याचे जुळलेले पाय केले. युक्ती साधी होती. पण मानेत आता इतके पदर आले की आरंभीची रेसभर चूकही तेथे फुगून दिसू लागली. पहिला बगळा आजोबांनी चाचपला आणि विचारले, "याचा एक पंख दुखावला आहे काय?" मुलाने मोजून पाहिले. तीन मिलिमीटरांचा फरक होता! डोळ्यांना तो दिसला नव्हता, बोटांना कळला.

मग त्याने चौरस पारखून घेतला, आणि प्रत्येक घडी जुळल्यावाचून नख लावले नाही. सहावा की सातवा बगळा त्याने आजोबांच्या तळहातावर ठेवला. त्यांची बोटे चोचीवरून मानेच्या वळणावर आली, तेथे थांबली, मग पंखांवरून पायांपर्यंत गेली.

"हा आपला," ते म्हणाले. "चाललाय खाडीकडे."

नीटनेटकेपणा हा पाहणाऱ्याला दिपविण्यासाठी असतो, असे पुष्कळांना वाटते. तसे असते, तर आतल्या घड्या कशाही चालल्या असत्या. त्या कोणाला दिसतात? परंतु बाहेरचा सारा आकार त्या न दिसणाऱ्या घड्यांवरच उभा असतो. ज्याच्यासाठी आपण एखादी वस्तू करतो त्या माणसाविषयी, आणि ज्याचे रूप आपण घडवितो त्या जिवाविषयी, मनात आदर असला म्हणजे हात आपोआप सावकाश चालतात. तो आदर शेवटच्या घडीत आणू म्हटले तर उशीर झालेला असतो. तो पहिल्या घडीतच असावा लागतो.