हेतूचा शोध

गेल्या वर्षीं पेरणीच्या दिवसांत, आमच्या शाळेंत मुलींस टिकली लावण्यास बंदी झाली, असा मजकूर पालकांच्या मोबाईलवर फिरूं लागला. अशी बंदी मुळींच नव्हती. परंतु सायंकाळपर्यंत तो सेलू, देवळीकडे पोहोंचला, आणि सकाळीं संतप्त पालक दाराशीं उभे!

आम्हां शिक्षकांचे तीन दिवस एकाच विचारांत गेले: हें कोणीं केलें, आणि कोणत्या हेतूनें? कोणी राजकारण म्हणे, कोणी धर्मद्वेष. आम्हीं तर (लिहितांना लाज वाटते) नववीच्या एका मुलाचें नांव घेतलें. आठवड्यापूर्वीं त्यास शिक्षा केली होती. तेव्हां सूड हा हेतु ठरलेलाच. त्याचे वडील पेरणी टाकून एस. टी. नें आले. घरांतील एकुलता एक मोबाईल त्यांनीं टेबलावर ठेवला. तो जुना, बटणांचा होता. त्यावर असला मजकूर येतही नव्हता.

येथें एक जुनी गोष्ट आठवते. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक प्रभृति मंडळी एका सभेस गेली. चहा पुढें आला. कोणी घेतला, कोणी नुसता हात लावला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव यांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणे वैभव’ पत्रांत छापविलीं, आणि शहर खवळलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली. १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्तही घेतलें. गोपाळरावांस सुधारकांची फजिती करावयाची होती, कीं सनातन्यांची, कीं केवळ गंमत पाहावयाची होती, यावर वाद घालावा तितका थोडाच. पण हेतु कळता तरी काय होतें? चहा घेतला कीं नाहीं, आणि घेतला तर त्यांत पाप कोणतें, हे प्रश्न उभेच राहिले असते.

शिक्षकास हेतु पाहावा लागतो, हें खरें. खोडकर मुलाचें मन जाणल्यावांचून त्यास वळण लावतां येत नाहीं. परंतु तें समोर बसलेल्या मुलापुरतें, आणि सावकाशीचें काम. घाईनें केलेला हेतूचा निवाडा किती भयंकर होतो, तें धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें १ जुलै २०१८ रोजीं दिसलें. मुलें पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. जमावानें पांच निरपराध भिक्षेकऱ्यांचा हेतु ठरविला आणि त्यांस ठार केलें. मारणाऱ्यांस विचारलें असतें, तर आपला हेतु मुलांचें रक्षण हाच, असें त्यांतील कित्येकांनीं शपथेवर सांगितलें असतें!

असो. चवथ्या दिवशीं आमच्या शिपाईबाई म्हणाल्या, “सर, पालकांना आंत तर बोलवा. पोरींचीं कपाळें त्यांनाच पाहूं द्या.” प्रार्थनेच्या वेळीं पालक आंत आले. रांगेंत निम्म्याहून अधिक कपाळांवर टिकल्या होत्या. अर्ध्या तासांत आवार मोकळें झालें. दोघांनीं जातां जातां फीही भरली.

त्या मुलाची क्षमा आम्हीं वर्गासमोर मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. आतां तो दहावींत असून पुढच्या बांकावर बसतो. तो मजकूर कोणीं लिहिला, हें आम्हांस अद्याप ठाऊक नाहीं.