लाल लोकर

बेत करण्यात जे सुख आहे ते बेत पार पाडण्यात नाही, असे माझे फार दिवसांचे मत आहे. काश्मीरची सहल मी आजवर तीनदा केली. तिन्ही वेळा रेल्वेच्या वेळापत्रकावर बोट फिरवीत. त्यामुळे यंदा पितृपक्ष सरताच "मी नदीवर मासे धरायला जाणार आहे," असे मी जाहीर केले तेव्हा घरात कोणी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. आमच्या सौभाग्यवती माळकरी आहेत, नर्सीच्या नामदेवाची वारी त्या चुकवीत नाहीत. त्या तेवढ्या म्हणाल्या, "मासा या उंबऱ्याच्या आत यायचा नाही."

"आणायचा नाहीच मुळी. धरायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा."

"मग धरायचा कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर मला अजून सुचलेले नाही.

हे खूळ शिरले ते रद्दीच्या दुकानात मिळालेल्या एका फाटक्या इंग्रजी पुस्तकातून. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. शब्दकोश मांडीवर घेऊन पुस्तक संपवायला श्रावण-भाद्रपद गेले. आपल्याकडे गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतात आणि शिशाच्या वजनाने दोरी लांब जाते. या प्रकारात गळावर पिसांची खोटी माशी बांधलेली असते. तिला वजन असे नाहीच; वजन असते ते दोरीला. काठी मागे झुलवायची, दोरी पाठीमागे हवेत पुरती उलगडू द्यायची आणि मग अशी पुढे सोडायची की, माशी पाण्यावर आपण होऊन बसावी. हा खेळ मुख्यतः ट्राउट माशाचा. तो थंड पाण्याचा. साहेबाने तो आपल्या देशात आणून काश्मीर, कुलू, निलगिरी अशा ठिकाणी सोडला. हिंगोलीच्या उन्हात तो दोन दिवस जगणार नाही. पण इलियन नावाच्या जुन्या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातल्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवले आहे, की ते गळाला लाल लोकर गुंडाळीत आणि तिच्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधीत. हे वाचले आणि मी उठून बसलो. लाल लोकर आणि कोंबडा! या दोन वस्तूंसाठी हिंगोलीच्या माणसाला विलायतेकडे पाहण्याचे कारण नाही.

लोकर मुलीच्या जुन्या स्वेटरची निघाली. पिसे शेजारच्या गल्लीतून आली. बुरुडाकडे नऊ फुटांचा सरळ, निमुळता वेळू मागितला तेव्हा तो म्हणाला, "आकाशकंदील लईच मोठा करायलात, गुरुजी!" सुताची दोरी वळून तिला मेण चोळले आणि गच्चीवर सराव सुरू केला. पहिल्या दिवशी गळाला लागले ते सौभाग्यवतींचे वाळत घातलेले लुगडे. ते मात्र परत सोडता आले नाही. काट्यासकट कापावे लागले.

आता प्रश्न पाण्याचा. आमच्या गावाजवळून वाहणारी कयाधू प्रल्हादाच्या आईचे नाव लावते. पण पाऊस सरला की तिच्यात डबकीच उरतात. पूर्णेवर येलदरीच्या खाली सिद्धेश्वरचे धरण आहे. धरणांच्या पाण्यात मासेमारीचा हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो. तेव्हा हौशी माणसाने विचारून जावे हे बरे. शिवाय पाण्याची खोली, काठाची घसरण, कोणता मासा कुठल्या वेळी वर येतो, हे पुस्तकात कसे असणार? ते सांगणारा माणूस हवा. असा एक माणूस मला ठाऊक होता, आणि त्याच्याकडे जाणे मी दोन आठवडे टाळीत होतो.

अठरा वर्षांपूर्वी तो माझ्या सातवीच्या वर्गात होता. भोयाचा मुलगा. पहाटे बापाबरोबर जाळी काढून शाळेत यायचा, म्हणून रोज उशीर. एके दिवशी मी त्याला दारातच उभे केले आणि वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अंगाचा वास जाईपर्यंत बाहेर थांब. नाहीतरी जन्मभर मासेच मारणार आहेस." मुले हसली. तोही हसला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पुढेही कधी आला नाही. मी काही त्याच्या घरी गेलो नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे. पण मी कादंबरीकार! पुढे एका कादंबरीत मी त्याला घातला, आणि तिच्यातला मास्तर त्याच्या झोपडीपर्यंत चालत जाऊन त्याला हाताला धरून शाळेत आणतो. त्या प्रकरणावर वाचकांची पुष्कळ पत्रे आली.

अखेर गेलो. तो ओट्यावर जाळे विणीत बसला होता. मला पाहून उठला, घोंगडी झटकून टाकली, चहा सांगितला. मी पिशवीतून माझी माशी काढून दाखवली. त्याने ती तळहातावर फिरवून पाहिली आणि म्हणाला, "बांधणी ढिली हाये, गुरुजी. मासा पीस घेऊन जाईल, गळ तुमच्याकडं ऱ्हाईल." मग दातात तंगूस धरून त्याने ती पुन्हा बांधली. माझी सगळी संध्याकाळ जाते ते काम त्याने चहा येईपर्यंत केले.

मी वहीत लिहून घेऊ लागलो. बारीक रुपेरी मासे दिवस कलताना वर तोंड मारतात, ते तुमच्या माशीला येतील. शिंगाळा तळाचा, त्याचा नाद सोडा. (१८३९ साली साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने छापली, तेव्हा या शिंगाळ्याचे देशी नावच त्याने लॅटिनमध्ये बसवले. ते त्याला कोणातरी भोयानेच सांगितले असणार.) आणि पाण्यावर लालसर पिलांचा थवा दिसला, तर तिथे गळ टाकायचा नाही. ती मरळीची पिले. खाली आईबाप असतात. जवळ येईल त्याच्यावर झेप घेतात, म्हणून गळाला पटकन लागतात.

"भुकेनं न्हाई घेत गुरुजी. पोरं राखायलेली असती. तिला काढली की पिलं दुसरे मासे खाऊन टाकतेत."

मी वही मिटली. अठरा वर्षे जे म्हणायचे राहिले होते ते म्हणायला तोंड उघडले, तर तोच जाळ्याकडे पाहत म्हणाला, "पोरगी आठवीला हाये. तिनं तुमचं पुस्तक वाचून दाखवलं. त्यातला मास्तर लई चांगला हाये."

"तो मी नव्हे," मी म्हणालो.

"ते माहीत हाये की," तो म्हणाला, आणि गाठ मारून त्याने दोरा तोडला.

त्यानंतर आम्ही बराच वेळ बोललो नाही. त्याची मुलगी आतून आली आणि माझा वेळू उचलून अंगणात झुलवू लागली. तिची दोरी पहिल्याच फेकीत माझ्यापेक्षा सरळ गेली.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या घरी फराळाचे डबे भरलेले असतील. भाऊबीजेनंतरच्या रविवारी निघायचे ठरले आहे. संस्थेत तो विचारून ठेवणार आहे. गळाचा उलटा काटा मी कानशीने घासून टाकला आहे, म्हणजे सोडताना माशाचे तोंड फाटणार नाही. सौभाग्यवतींनी चकल्यांचा एक डबा त्या पोरीसाठी वेगळा काढला आहे. निरोप घेताना मी सवयीने विचारले, "किती वाजता येऊ?"

"साडेपाचला. उजाडायच्या आत काठावर पायजे," तो म्हणाला. आणि मी गल्लीच्या वळणावर पोचलो तेव्हा मागून ओरडला, "उशीर नका करू, गुरुजी!"