समुद्र पोहून येणाऱ्या गाण्याची हकिकत

पुणे

चि. ऋजुता हीस,


तुझे पत्र पावले. जॉर्जियातील वैद्यकीच्या अभ्यासात तुझा जम बसला हे वाचून तुझी आई निश्चिंत झाली. मला मात्र अखेरचा मजकूर अधिक मोलाचा वाटला. सहलीच्या रात्री जॉर्जियन मित्रांनी गिटारवर एक संथ गाणे धरले, समुद्र पोहून येण्याचे वचन देणारे ते गाणे प्रत्येकाला मुखोद्गत होते, आणि कर्ता कोण असे विचारताच ‘मेपे’, म्हणजे राजा, एवढेच उत्तर मिळाले, असे तू लिहितेस. तो कुठला राजा, हा तुझा प्रश्न.

त्याचे नाव इराक्ली चार्कवियानी. जन्म १९ नोव्हेंबर १९६१, त्बिलिसी. इराक्ली हे नावही तिकडे राजाचेच. राजा दुसऱ्या इराक्लीने १७८३ मध्ये रशियाशी संरक्षणाचा तहनामा केला. १७९५ मध्ये आगा महंमद खानाच्या इराणी फौजेने त्बिलिसी लुटली तेव्हा रशियाची मदत आली नाही. आणि १८०१ मध्ये झारच्या फर्मानाने ते राज्यच खालसा झाले. तेव्हा ज्या देशात राजपद नष्ट होऊन जवळजवळ दोन शतके लोटली, तेथे एका गायकाने ते स्वतःस लावून घ्यावे आणि लोकांनी ते खुशीने मान्य करावे, ही गोष्ट थोडी थांबून पाहण्याजोगी आहे.

तो जन्मला ते घर सत्तेचे होते. आजोबा कंदिद चार्कवियानी १९३८ पासून १९५२ पर्यंत, स्टालिनच्या अमदानीत, जॉर्जियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रथम सचिव होते. त्यांच्या आधी त्या जागेवर, पुढे स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झालेला, बेरिया होता, आणि त्याच्याच अंमलात, १९३७ मध्ये, कवी तित्सियान ताबिद्झे यास गोळ्या घालण्यात आल्या, तर त्याचा जिवलग मित्र पाओलो याश्विली याने लेखक संघाच्या इमारतीतच बंदुकीने आपला अंत करून घेतला. ज्या गादीच्या हुकुमाने कवी संपवले गेले, तिच्यावर पुढे बसलेल्या पुरुषाचा नातू कवी निपजावा, आणि त्याने वारशाने आलेल्या प्रतिष्ठेकडे पाठ फिरवून स्वतःचा निराळाच मुकुट घडवावा, यात मला त्याच्या चरित्राचे मर्म दिसते.

विद्यापीठात त्याने पाश्चात्त्य वाङ्मयाचे अध्ययन केले. ‘रिॲक्टिव्ह क्लब’ या बंडखोर कवींच्या मंडळात कोते कुबानेइश्विली यांच्यासारख्यांच्या सोबतीने तो वावरला, आणि कवितेतून गाण्याकडे आला. त्याचा वेष, त्याचे वागणे लोकांस विक्षिप्त वाटे. परंतु तो केवळ नखरा होता असे जे म्हणतात, त्यांनी तो काळ ध्यानात घेतलेला नाही.

९ एप्रिल १९८९ रोजी सोव्हिएत फौजेने त्बिलिसीच्या रुस्तावेली मार्गावर निःशस्त्र निदर्शकांवर हल्ला केला. मृतांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. दोन वर्षांनी त्याच तारखेस स्वातंत्र्य जाहीर झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच रस्त्यावर जॉर्जियनांनीच जॉर्जियनांवर तोफा डागल्या. सप्टेंबर १९९३ मध्ये, फुटून निघू पाहणाऱ्या अबखाझियाच्या युद्धात, तेथील राजधानी सुखुमी पडली. अबखाझियातून दोन लाखांहून अधिक माणसे निर्वासित झाली आणि काळ्या समुद्राच्या किनाऱ्याचा मोठा भाग हातचा गेला. पुढचे हिवाळे त्बिलिसीने अंधारात काढले. उंच इमारतींच्या खिडक्यांतून लाकडी शेगड्यांची धुराडी बाहेर काढलेली, घरात रॉकेलचा वास, पावासाठी पहाटेपूर्वीपासून रांगा, आणि वीज केव्हा येईल याचा नेम नाही. अशा शहरात विजेवर चालणाऱ्या वाद्यांचे संगीत करणे हे साहसच होते. पक्ष गेला, दफ्तरे ओस पडली, पगाराला किंमत उरली नाही, बंदूकधारी टोळ्या स्वतःस सरकार म्हणवू लागल्या. कोणाचीच आज्ञा आदराने पाळावी अशी उरली नव्हती, तेव्हा ज्याने कोणावरही हुकूम चालवला नाही, केवळ गाणे म्हटले, त्याला लोकांनी राजा म्हटले, यात मला यत्किंचितही नवल वाटत नाही.

जॉर्जिया हा मूळचाच गाणाऱ्यांचा देश. तेथील ‘चाक्रुलो’ हे बहुस्वरी गीत १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून अंतराळात गेले. पण ते समूहाचे गान. इराक्लीचा आवाज एकट्याचा आहे, खालच्या पट्टीतला, समजूत घालणारा. किनारा गमावलेल्या लोकांस कोणी समुद्र पोहून येतो म्हणाले, तर ते गाणे निव्वळ प्रणयगीत कसे राहील? त्याच्या मनात काय होते तो जाणे. मी ऐकतो ते असे, आणि ज्या मुलांनी ते हिवाळे पाहिलेही नाहीत त्यांच्या तोंडी ते अजून आहे, याचे दुसरे कारण मला सापडत नाही.

२४ फेब्रुवारी २००६ रोजी, चव्वेचाळीसाव्या वर्षी, हृदयक्रिया बंद पडून तो गेला. पोहण्याचीच प्रतिमा शीर्षकात मिरवणारी त्याची आत्मचरित्रपर कादंबरीही आहे. भाषा पुरेशी आली की मुळातून वाच. तोपर्यंत एक कर. तुझ्या घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या आहेत असे तू मागे लिहिले होतेस. त्यांच्याजवळ बसून ते हिवाळे कसे काढले हे विचार, आणि त्या सांगतील ते कंटाळा न करता मला सविस्तर कळव. प्रकृतीस जप.

तुझा,
मामा